हिरव्या जेलीतली भूमिती

नातीला त्रिकोण ओळखता येत नाही, असं लेखी कळवणारी चिठ्ठी तिच्या दप्तरातून निघाली, तेव्हा मी आधी चष्मा पुसला, मग चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि मग लिहिणारीचं अक्षर ओळखलं. ते अक्षर मी दोन वर्षं तपासलेलं होतं.

आमच्या एल्म लेक गावच्या हायस्कुलात मी चौतीस वर्षं भूमिती शिकवली. गावात तिशी उलटलेला जवळजवळ प्रत्येक माणूस माझ्या हाताखालून गेलेला आहे. दातांचा डॉक्टर माझा विद्यार्थी, रस्त्यावरचं बर्फ हटवणारा माझा विद्यार्थी, आणि गाडी जोरात चालवली म्हणून मला एकदा अडवणारा पोलीसही माझाच विद्यार्थी. यांच्यापैकी एकालाही आज त्रिकोणाच्या कोनांची बेरीज सांगता यायची नाही, हा भाग वेगळा. तरी आकार म्हटला की ब्रेके सर, असा गावात एक समज होता. आणि त्या ब्रेके सरांची सख्खी नात, पाच वर्षांची होत आलेली लिनिया, आठपैकी शून्य!

"लिनिया गुणी आहे, सगळ्यांशी मिळून खेळते," तिच्या बालवाडीतल्या शिक्षिकेने, कॉरिनने लिहिलं होतं. "पण आकारांची नावं विचारली की तोंडच उघडत नाही. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी पुन्हा एकदा विचारीन. तेव्हाही जमलं नाही, तर तिला मोठ्या शाळेत न पाठवता आणखी एक वर्ष आमच्याकडेच ठेवावं असं मला वाटतं. घरी हातांनी करायचे खेळ घ्या. वाळू, पीठ, रंगीत तांदूळ. या वयात बोटांतून शिकणं सोपं जातं." या कॉरिनला मी भूमितीत 'क' श्रेणी दिली होती, आणि तीसुद्धा मन मोठं करून.

माझी मुलगी सिग्ने इस्पितळात नर्स आहे. ती आणि लिनिया माझ्याकडेच राहतात. कामावरून आल्यावर तिने चिठ्ठी वाचली आणि बूट न काढताच पायरीवर बसली.

"बाबा, ती रोज सकाळी खिडकीत उभी राहून त्या पिवळ्या बसला हात करते. सप्टेंबरात मी पण त्यात बसणार, म्हणून सगळ्यांना सांगत सुटलीय. तिची मैत्रीण टोवा जाणार आणि ही मागे राहणार. काय सांगू मी तिला?"

"काही सांगायचं नाही. मी आहे ना," मी म्हणालो.

सिग्ने बूट काढू लागली आणि "बरं" म्हणाली. आमच्या मिनेसोटात माणसं एकमेकांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. न आवडलेल्या गोष्टीला "वेगळंच आहे" म्हणतात, आणि भीती वाटली की "बरं" म्हणतात. मी त्या वेळी तिकडे लक्ष दिलं नाही.

आता, आजवर मी मुलीकडे दुर्लक्ष केलं होतं असं कोणी समजू नये. ती बोलू लागल्यापासून मी तिच्याशी आकारांबद्दल बोलत आलो आहे. एकदा नाश्त्याला तिने पॅनकेक बघून "आजोबा, गोल!" म्हटलं. मी म्हटलं, "गोल म्हणजे चेंडू, बाळ. आणि पॅनकेकला जाडी असते, तेव्हा तो वर्तुळही नव्हे. ही एक बुटकी वृत्तचिती आहे." ती काटा हातात धरून पॅनकेककडे बघत राहिली आणि मग मुकाट्याने त्यावर पाक ओतला. खिडकी चौकोनी म्हणाली, तेव्हा चौरस की आयत, बाजू मोजल्यास का, असं विचारलं. अंड्यासारखा आकार काढला, तेव्हा अंड्याचं एक टोक निमुळतं असतं, लंबवर्तुळाची दोन्ही टोकं सारखी असतात, हे अंडं हातात देऊन समजावलं. पुढे पुढे तिने नावं घ्यायचंच सोडलं. विषय खोल आहे, हे उमगू लागल्याचं ते लक्षण. माझ्या वर्गात नोव्हेंबरच्या सुमारास नेमकं हेच व्हायचं.

तरीही कॉरिनच्या शास्त्राला मान द्यायचा म्हणून मी हातांच्या खेळांना सुरुवात केली. पहिला प्रयोग मोज्याचा. जुन्या लोकरी मोज्यात पुठ्ठ्याचा त्रिकोण घातला, तिचा हात आत सारला आणि विचारलं, "काय लागतंय?"

"मोजा," लिनिया म्हणाली.

"मोज्याच्या आत?"

"आजोबांचा मोजा," तिने जास्त अचूक उत्तर दिलं.

दुसरा प्रयोग रंगीत तांदळाचा. पाच पौंड तांदूळ, व्हिनेगर आणि निळा रंग. तो वाळवण्यासाठी मी जेवणाच्या टेबलावर पसरला, आणि टेबल भिंतीकडे किंचित उतरतं आहे हा शोध मला त्या दिवशी लागला. चौतीस वर्षं उतार शिकवलेल्या माणसाच्या घरात ही स्थिती! तांदूळ गरम हवा येण्याच्या जाळीतून खाली घर तापवणाऱ्या भट्टीत गेला, आणि तीन दिवस घराला लोणच्याच्या कारखान्याचा वास येत होता. लिनियाचे हात कोपरापर्यंत निळे झाले. टोवाच्या आईने ते पाहिले आणि म्हणाली, "अय्या, वेगळंच आहे."

शेजारच्या डुएनला या वासामुळे सगळं कळलं. डुएन किटलसन हा निवृत्त सुतार, माझ्या अगदी पहिल्या वर्गातला. सल्ला मागितला नाही तर त्याचा जीव घाबरा होतो, म्हणून तो सहसा मागायची वेळच येऊ देत नाही.

"पुठ्ठा?" तो म्हणाला. "हार्लन, तू मुलीच्या हातात पुठ्ठा देतोस? आकार कळायचा तर धार लागली पाहिजे बोटांना. कोपरा कोपऱ्यासारखा टोचला पाहिजे. मेपलचं लाकूड आण. मी कापून देतो."

"टोचलेलं शाळेला चालणार नाही."

"मग गोलसर करू कोपरे."

"कोपरा गोलसर केला तर तो त्रिकोण राहत नाही, डुएन."

"तुझ्याकडे मी नापास का झालो ते आता आठवलं," डुएन म्हणाला आणि करवत सुरू केली.

ही लिनियाची शाळा चर्चच्या तळघरात भरते आणि पालक मिळून चालवतात. शिकवायला कॉरिन एकटी; बाकी झाडणं, खाऊ कापणं, नाकं पुसणं पालकांनी पाळीपाळीने करायचं. सिग्नेला रजा मिळेना, म्हणून तिच्या पाळ्या मी घेतल्या, आणि त्या शेवटच्या गुरुवारची पाळी मुद्दाम मागून घेतली. त्या दिवशी मुलांसाठी आकारांचा खेळही मीच आणणार, असं कॉरिनला सांगून ठेवलं. मी समोर असलो की मुलीला धीर येईल, हा माझा हिशेब.

पण मदतनीस म्हणून उभं राहायचं तर आधी बोटांचे ठसे द्यायचे, असा नियम. ठसे घ्यायला वेंडेल होता, तोच मला अडवणारा पोलीस. त्याने माझी दहाही बोटं यंत्रावर चार चार वेळा दाबली. "सर, तुम्हाला ठसेच नाहीत," तो म्हणाला. "खडूने झिजलेत सगळे. तुम्ही चोऱ्या करायला हव्या होत्या. उगाच शिकवत बसलात." हे तो हसून म्हणाला, पण माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या दोन बायकाही हसल्या, आणि ते मला फारसं रुचलं नाही.

त्यानंतर साहित्याच्या परवानगीचा अर्ज. पालकांच्या समितीने बनवलेला हा कागद चार पानी होता. त्यात नियम सात असा, की मुलांच्या हाती द्यायची वस्तू तोंडात गेली तरी अपाय होऊ नये, म्हणून ती खाण्याजोगी असावी. नियम अकरा असा, की खाण्याच्या वस्तूंशी मुलांना खेळू देऊ नये.

"कॉरिन," मी म्हटलं, "हे दोन्ही नियम एकाच वेळी खरे असू शकत नाहीत."

"हो सर," ती गोड आवाजात म्हणाली. "पण दोन्ही पाळायचे असतात."

आणखी एक भानगड होती. लहान मुलाच्या घशाएवढी एक प्लास्टिकची नळी शाळेत ठेवलेली असते, आणि जो तुकडा तिच्यात जातो तो बाद होतो. डुएनने प्रेमाने कापलेले चोवीसच्या चोवीस तुकडे तिच्यात सुळकन गेले. डुएन घरून नळी बघायला आला. "घसा कोणाचा धरलाय, घोड्याचा?" असं म्हणून तो परत गेला आणि दुप्पट मोठे कापून घेऊन आला. मी ते घासले, मेण चोळलं आणि अर्जात आठही आकारांची नावं शुद्ध लिहिली. समितीच्या छापील यादीत आठव्या जागी 'हिरा' असं होतं. मी ते खोडून 'समभुज चौकोन' केलं. कॉरिनने ते पाहिलं आणि पान उलटलं.

राहता राहिले नियम सात आणि अकरा. दोन रेषा एकमेकींना छेदत असतील तर छेदनबिंदू असतोच, एवढा माझा विश्वास. दोन दिवस विचार केला आणि तो सापडला: साधी, बिनसाखरेची, बिनचवीची जेली. हिरवा रंग, जिलेटीन आणि पाणी. तोंडात गेली तरी अपाय नाही, आणि खावीशी जगात कोणाला वाटणार नाही. तिच्यात लाकडी आकार पुरायचे, मुलांनी बोटं खुपसून ते काढायचे, चाचपायचे आणि नाव सांगायचं. समितीने यावर पाऊण तास चर्चा केली आणि "चवच नसेल तर ते अन्न धरू नये" असा ठराव मंजूर केला. माझ्या आयुष्यात माझी एवढी बाजू कोणी घेतली नव्हती.

जेली करायला मात्र हात बसावा लागतो. पहिल्यांदा लाकूड वर तरंगलं. दुसऱ्यांदा मी ट्रे थंड व्हायला मागच्या ओसरीवर ठेवला. मार्चमध्ये आमच्याकडे अर्धं गाव ओसरीचाच फ्रिज करतं. पण त्या दुपारी पारा असा उतरला की जेलीची फरशी झाली. शेवटी डुएनच म्हणाला, "थर दे, थर. अर्धी घाल, बसू दे, मग तुकडे मांड, मग वरून उरलेली. माझी आई अननस असाच घालायची." तिसऱ्यांदा जमलं. दोन मोठे ट्रे, हिरवेगार, आणि आत पाचूत अडकल्यासारखे माझे चोवीस आकार. बुधवारी दुपारी मी ते जपून चर्चच्या तळघरात नेले आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिजमध्ये ठेवले.

"नाव लिहा हां त्यावर, सर," कॉरिन वर्गातून ओरडली. "नाहीतर कोणीतरी हात लावेल."

मी कागदी चिकटपट्टीवर ठळक 'ब्रेके' लिहिलं आणि दोन्ही ट्रेंच्या बुडाशी चिकटवलं. घात झाला तो इथे, पण ते मला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कळलं.

गुरुवारी सकाळी लिनिया गाडीत गप्प होती. मी तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं, "घाबरायचं नाही. नाव सांगण्याआधी फक्त बाजू मोजायच्या, कोन बघायचे, आणि समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत का ते पाहायचं." तिने मान हलवली आणि खिडकीच्या काचेवर नाक टेकवलं. चर्चसमोर नेहमीपेक्षा जास्त गाड्या होत्या. ऑर्व्हिल टँगेन गेला होता, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, आणि वर त्याची शेवटची प्रार्थना होती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून जे सुचायला हवं ते सुचलं नाही.

अकरा वाजता मुलं बाह्या सरसावून टेबलाभोवती बसली, कॉरिनने पेन्सिल आणि लिनियाचा कागद जवळ घेतला, आणि मी ट्रे आणायला गेलो. फ्रिज उघडला. आत एक लोणच्याची बरणी होती.

स्वयंपाकघरात लव्हॉन होती. गावात कोणी गेलं की तळघरातलं जेवण गेली तीस वर्षं हीच बाई बघते.

"लव्हॉन, इथे दोन ट्रे होते."

"तुमचीच ना जेली? हो, मांडली बाहेर. काळजी करू नका, ट्रे धुवून ठेवते. बुडाशी नाव आहे ना."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात चर्चच्या फ्रिजमधल्या भांड्याच्या बुडाशी नाव असणं म्हणजे हात लावू नका असं नव्हे. त्याचा अर्थ, हे जेवणासाठी आणलंय, भांडं तेवढं परत करा. हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. माझी बायको इंगा अशी कितीतरी भांडी इथे आणायची, आणि पट्ट्या मीच चिकटवायचो.

"चौकोनी तुकडे करायला गेले तर सुरीच अडकली हो," लव्हॉन म्हणाली. "मग म्हटलं, चमच्यानेच घेऊ देत. काय घातलंयत आत?"

"आकार," मी म्हणालो.

"छान!" ती म्हणाली आणि कॉफीची किटली उचलून निघून गेली.

बाहेर हॉलमध्ये ऐंशी माणसं बसली होती. हॅमचे सँडविच, खिमा-बटाट्याचे भाजलेले ट्रे, आणि त्यांच्याशेजारी ओळीने जेल्या: गाजर घातलेली, कोबी घातलेली, अननस घातलेली, आणि माझी. आमच्याकडच्या जेलीत काय निघेल याचा नेम नसतो, त्यामुळे माझी जेली तिथे मुळीच परकी वाटत नव्हती. मी ट्रे उचलायला हात पुढे केला. पण शोक करायला आलेल्या माणसांच्या पानातला पदार्थ काढून, "माफ करा, हे तुमच्यासाठी नाही," असं म्हणायला जी छाती लागते, ती आमच्या गावात कोणाला दिलेली नाही. मी ट्रेच्या पुढे उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो, "गाजराची घ्या ना. गाजराची फार छान झालीय."

तिथे मी दुसऱ्यांदा बुडालो. माणसं माझ्याकडे बघून थांबू लागली, डोळे मऊ करू लागली. इंगाच्या मैत्रिणीने माझ्या दंडावर हात ठेवला. "हार्लन, तुम्ही स्वतः केलीत? इंगा गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी घेऊन आलात." आणि तिने दोन मोठे चमचे वाढून घेतले. मागच्याने तीन घेतले. मी जितका नको नको म्हणे, तितकी ती माणसं हा बिचारा संकोचतोय असं समजून ताटलीत आणखी घेत. दहा मिनिटांत एक ट्रे रिकामा झाला.

मी जेल्यांच्या टेबलामागच्या भिंतीला टेकून पाहत राहिलो. प्रत्येकजण पहिला घास घेई, थोडा थांबे, चवीची वाट बघे, आणि गिळे. दातांच्या डॉक्टरने काहीतरी कडक चावलं, चेहरा सरळ ठेवला आणि तोंडातून अलगद एक षटकोन काढून कागदी रुमालात ठेवला. वेंडेलने आपला आयत चाटून स्वच्छ केला आणि गणवेशाच्या खिशात टाकला. पुरावा म्हणून की आठवण म्हणून, कोण जाणे. डुएनला चांदणी मिळाली. आपल्याच हातची चांदणी त्याने ओळखली, माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून जेवू लागला, मात्र त्याचे खांदे गदगदत होते. "वेगळीच आहे," असं टेबलाटेबलांवरून हळूच ऐकू येत होतं. आणि तिकडे वर्गात दहा मुलं बाह्या सरसावून बसली होती, आणि माझ्या लिनियाचं वर्ष माझ्याच डोळ्यांदेखत चमच्याचमच्याने वाटलं जात होतं. मला रडू यायचं बाकी होतं. जिथे रडायची सगळ्यांना मुभा होती, तिथे नेमकं मला एकट्याला रडता येत नव्हतं.

तेवढ्यात मधल्या टेबलाशी मला लिनिया दिसली. मला शोधायला ती वर्गातून निसटली असावी. ऑर्व्हिलची बायको आर्डिस, सत्त्याऐंशी वर्षांची, काळा स्वेटर घालून बसली होती, आणि तिच्या बोटांत माझा एक तुकडा होता.

"साठ वर्षं मी या तळघरात जेली खातेय," आर्डिस तिला सांगत होती. "आज पहिल्यांदा तिच्यात काहीतरी सापडलं. काय गं असेल हे? मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

लिनियाने तो तुकडा हातात घेतला, बोटं फिरवली. तिची माझ्याकडे पाठ होती.

"त्रिकोण," ती म्हणाली.

मी भिंतीपासून सरळ झालो.

"असं होय! आणि हा? हा माझ्या भावाच्या ताटलीत होता."

"हा गोल. आणि तो त्यांचा आहे ना, तो चौकोन. आणि हे अंडं आहे, पण लाकडाचं."

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी "इकडे पण आहे बघ एक!" म्हणालं आणि चाटलेला तुकडा पुढे केला. वेंडेलने खिशातून आयत काढला. डुएनने चांदणी उंच धरली. दातांच्या डॉक्टरने रुमाल उलगडला. लिनिया एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जात होती, तुकडे गोळा करत होती आणि नावं सांगत होती, मोठ्याने, न अडखळता, आणि दर नावाला म्हातारी माणसं "अरे वा!" करत होती. षटकोनाला तर तिने सहा बाजूही मोजल्या. मग ते सगळे घेऊन ती आर्डिसपाशी परत आली. आर्डिस हसत होती. सकाळपासून तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं, असं मला लव्हॉनने मागाहून सांगितलं.

कॉरिन दारात उभी होती. हातात लिनियाचा कागद आणि पेन्सिल. तिने एकेक करून सात खुणा केल्या, मग जवळ येऊन लिनियापाशी गुडघ्यांवर बसली.

"लिनिया, हे सगळं तुला येतं. मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंस?"

"मला नाही येत."

"आत्ता तर सांगितलंस की."

"ते आजींना दिसत नव्हतं म्हणून," लिनिया म्हणाली. "पण ते खरं नसतं. मी सांगते ते कधीच नसतं ते. दुसरंच काहीतरी असतं. आजोबांना माहितीये काय असतं ते, त्यांना विचारा."

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे अशा वेळी माणसं कॉफीत बघतात.

"मलाही अगदी तसंच व्हायचं," वेंडेल म्हणाला. त्यात मला टोचायचा हेतू नव्हता, आपलं आठवलं म्हणून तो बोलला. कॉफीच्या पेल्यांवर चार-पाच माना हलल्या. कॉरिनचीही थोडी हलली.

मला लाज वाटली. चौतीस वर्षांत कधी वाटली नव्हती एवढी. नोव्हेंबरात माझे वर्ग का गप्प व्हायचे, ते माझी पाच वर्षांची नात मला ऐंशी माणसांसमोर सांगत होती.

"एकच राहिला गं," आर्डिसने ताटलीतून शेवटचा तुकडा उचलला आणि लिनियाच्या तळहातावर ठेवला. मी जिथे उभा होतो तिथूनही तो मला ओळखता आला. चारही बाजू समान, समोरासमोरचे कोन समान, कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागणारे. लिनियाने तो बोटांनी फिरवला. मग ती वळली, आणि तिने मला पाहिलं. तिचा चेहरा तसाच झाला जसा पॅनकेकपाशी झाला होता.

"हिरा?" ती म्हणाली. आर्डिसला नव्हे, मला.

शुद्ध नाव माझ्या ओठांवर आलं. व्याख्येसकट आलं. कॉरिनची पेन्सिल कागदापासून बोटभर वर थांबली होती. दुसरा ट्रे माझ्या हाताशी होता, त्यात तळाला थोडी हिरवी जेली शिल्लक होती. मी मोठा चमचा उचलला, काठोकाठ भरला आणि तोंडात कोंबला. तिला खरोखरच कसलीही चव नव्हती.

लिनिया वाट बघत राहिली. मी तोंड भरलेलं असतानाच मान डोलावली, जेवढी जोरात डोलावता आली तेवढी.

"हिरा!" ती आर्डिसला म्हणाली. "आणि हा बघा, हा पण हिरा. आणि ती खिडकी चौकोन आहे. आणि तुमची बशी गोल!"

तोंडातली जेली संपत आली होती. मी घाईघाईने दुसरा चमचा भरला.